छोट्या तोफेला रंग कोणता? ऐतिहासिक तोफांची मॉडेलं रंगवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोफेचं मॉडेल जुळवायला एक संध्याकाळ पुरते. रंगाची बाटली निवडायला मात्र आठवडा जातो, आणि तरीही मनात शंका उरतेच. खाली दिलेले प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. काही मीच एकेकाळी दुसऱ्यांना विचारले होते आणि चुकीची उत्तरं ऐकून मॉडेलं बिघडवली होती.

सुरुवात कुठून करायची? बाटलीवरच्या नावावरून?

नाही. बाटलीवर ‘फ्रेंच आर्टिलरी ग्रीन’ लिहिलेलं असतं ते बाटली विकणाऱ्याचं मत. आधी तीन गोष्टी ठरवा: तोफ कोणत्या देशाची, कोणत्या सालातली आणि नळी कोणत्या धातूची. मग चौथा प्रश्न विचारा, जो बहुतेक जण विचारतच नाहीत: तो मूळ रंग कशापासून बनवलेला होता? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तोफगाड्याचा रंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली माती, काजळी नाहीतर सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा रंग. लाकूड कुजू नये आणि लोखंड गंजू नये म्हणून तो लावायचे. लपण्यासाठी नव्हे. रंगात काय पडलं होतं हे कळलं की छटा आपोआप कळते, आणि दहा बाटल्यांपैकी नऊ विकत घ्याव्या लागत नाहीत.

नेपोलियनच्या काळातल्या तोफगाड्यांचे रंग कोणते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. फ्रेंच गाडे ऑलिव्ह हिरवे, म्हणजे पिवळसर मातकट हिरवे. ब्रिटिश राखाडी. ऑस्ट्रियन पिवळे, पिवडीच्या, म्हणजे पिवळ्या मातीच्या, रंगाचे. प्रशियन निळे, रशियन हिरवे. या पाचही सैन्यांत गाड्यावरचा लोखंडी साज, म्हणजे पट्ट्या, कड्या, खिळ्यांची डोकी, काळा रंगवलेला.

इथे दोन जागी लोक घसरतात. एक म्हणजे फ्रेंच आणि रशियन हिरवा एकाच बाटलीतून लावणं. शेजारी शेजारी ठेवल्यावर फ्रेंच गाडा पिवळ्याकडे झुकलेला आणि मळकट दिसायला हवा, रशियन त्याहून स्वच्छ हिरवा. दुसरं म्हणजे ब्रिटिश राखाडी अगदी युद्धनौकेसारखा लावणं. सफेद्यात काजळी मिसळली की जो राखाडी मिळतो तो किंचित निळसर दिसतो, कारण पांढऱ्यातला बारीक काळा कण डोळ्याला थंड वाटतो. तुमच्याकडच्या साध्या पांढऱ्या आणि काळ्यानेही तेच होतं, करून पाहा. त्यात आणखी निळा ओतायची गरज नाही. मी ओतला होता. सहा तोफांची ती बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, ब्रिटिशांपेक्षा प्रशियनांचीच जास्त वाटत होती.

फ्रेंच ऑलिव्ह घरी बनवता येतो का?

येतो, आणि बाटलीतल्यापेक्षा चांगला येतो. गंमत अशी की त्यात हिरवा रंग नसतोच. पिवडी आणि काजळी, बस. पिवळ्यात काळा पडला की डोळ्याला हिरवा दिसतो. वजनाने पिवडी खूप आणि काजळी अगदी थोडी लागायची, कारण काजळी वजनाला हलकी आणि रंगाला जबर.

माझी पद्धत सांगतो. ओल्या पॅलेटवर ॲक्रिलिकच्या पिवडीचे, म्हणजे यलो ऑकरचे, आठ थेंब आणि काळ्याचा एक. काडीने ढवळताना आधी मातकट तपकिरी दिसेल, हात थांबवू नका. पूर्ण मिसळलं की अचानक हिरवट होतं. मग काळ्याचा आणखी अर्धा थेंब, असं करत पुढे जा. काळा कोणता यावर बरंच अवलंबून आहे: काही काळ्या रंगांत तपकिरी झाक असते, त्यांनी हिरवा उमटत नाही, चिखल होतो. निळसर काळा घ्या. एका छोट्या झाकणाच्या डबीत बॅटरीभर पुरेल इतका एकदमच करून ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा जमवणं मला आजवर साधलेलं नाही.

उजळ बाजूंसाठी याच मिश्रणात आणखी पिवडी घाला, पांढरा नको. पांढऱ्याने ऑलिव्ह खडूसारखा फिका पडतो आणि मॉडेल भुकटी शिंपडल्यासारखं दिसतं.

अमेरिकी यादवी युद्धातले गाडेही ऑलिव्हच ना?

हो, आणि कुळही तेच. १८६१च्या अमेरिकी ऑर्डनन्स मॅन्युअलमध्ये ऑलिव्ह रंगाची कृती दिलेली आहे, ती पिवडी आणि काजळीचीच. त्यामुळे वर सांगितलेली डबी इथेही चालते. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी ट्रकांचा ‘ऑलिव्ह ड्रॅब’ इथे लावू नका, तो यासाठी फार तपकिरी आणि गडद पडतो.

नळी नेहमी पितळी रंगाचीच असते का?

नाही, आणि ही चूक दुरून दिसते. यादवी युद्धाचंच उदाहरण घ्या. १८५७ मॉडेलची १२ पौंडी ‘नेपोलियन’ तोफ ब्राँझची, म्हणून तिची नळी सोनेरी-तपकिरी. तीन इंची ऑर्डनन्स रायफल (रायफल म्हणजे इथे नळीत आटे असलेली तोफ) घडीव लोखंडाची, म्हणून काळी. पॅरट रायफल ओतीव लोखंडाची, मागच्या बाजूला जाड घडीव पट्टा चढवलेली, तीही काळी. पॅरटला ब्राँझ रंग दिलेली मॉडेलं मी इतकी पाहिली आहेत की आता बोलत नाही, फक्त त्या पट्ट्याकडे बघतो.

एक बारकावा आवडीने सांगतो. दक्षिणेकडच्या राज्यांना तांब्याची चणचण भासू लागली तेव्हा, १८६४च्या सुमारास, रिचमंडच्या ट्रेडेगर कारखान्यात नेपोलियन तोफा ओतीव लोखंडाच्या बनू लागल्या, मागे पट्टा असलेल्या. म्हणजे शेवटच्या वर्षातली दक्षिणेची काळी नेपोलियन अगदी बरोबर असू शकते. फक्त तिला तो पट्टा हवा. साध्या ब्राँझच्या साच्याला नुसता काळा फासून भागत नाही.

(आणि हो, ते नाव तिसऱ्या नेपोलियनवरून पडलं आहे. पहिल्या नेपोलियनच्या वॉटर्लूच्या मैदानात ती ठेवू नका.)

ब्राँझच्या नळीला नेमका कोणता रंग? तांबं, पितळ की सोनं?

तोफेचं ब्राँझ साधारण नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के कथील. ब्रिटिश कागदोपत्री त्याला ‘ब्रास’ म्हणायचे, त्यामुळे घोटाळा वाढतो; पण पितळात जस्त असतं आणि ते लिंबासारखं पिवळं दिसतं. घासून लखलखीत केलेलं तोफेचं ब्राँझ तांबूस सोनेरी असतं. चार दिवस हवेत राहिलं की तपकिरी चढतं.

जुन्या सोनेरी धातूरंगात थोडा तांब्याचा आणि कणभर गडद तपकिरी. काळ्या किंवा गडद तपकिरी पायावर लावा, पांढऱ्यावर धातूरंग पोकळ दिसतो. वर पातळ तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाणीदार रंग, मग वरच्या कडांवर आणि तोंडाच्या कंगोऱ्यावर सोनेरीची एक बारीक रेघ. नळीवरच्या कड्यांभोवती आणि कानांच्या, म्हणजे नळी गाड्यावर टेकते त्या दोन खुंट्यांच्या, मुळाशी वॉश साचू द्या. तिथे नाहीतरी तेल आणि धूळ साचतेच.

मग हिरवा जंगाल कुठे दाखवायचा?

सेवेतल्या तोफेवर कुठेच नाही. हिरवा थर चढायला वर्षानुवर्षं पावसात बेवारस पडून राहावं लागतं. ज्या तोफेमागे रोज पाच-सात गोलंदाज आणि एक डोळे वटारणारा सार्जंट आहे, तिच्यावर जंगाल कसला? स्मारकाशेजारची पडीक तोफ करत असाल तर खुशाल फासा.

लोखंडी साजाला शुद्ध काळा चालेल?

बाटलीतला निव्वळ काळा नको. छोट्या मॉडेलवर तो भोकासारखा दिसतो. गडद राखाडी लावा, खाचांत काळा वॉश, कडांना मध्यम राखाडी. जिथे साखळी घासते, जिथे आकडा अडकतो, तिथे पोलादी रंगाचा टिपका. पुरे.

चाकं कशी रंगवायची?

आरे आणि तुंबा गाड्याच्याच रंगाचे. खरी मजा धावेत आहे, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्टीत. लोक ती साजासारखी काळी करून मोकळे होतात. पण बैलगाडीची असो की तोफेची, धाव रस्त्याला घासते. चालत्या चाकाच्या धावेचा जमिनीला लागणारा भाग काही मैलांतच उघडा पडून चकाकतो. काळा रंग टिकतो तो बाजूच्या अरुंद कडेवर. उभ्या तोफेची धाव एका पावसात नारिंगी-तपकिरी होते. त्यामुळे आधी ठरवा, तुमची तोफ मार्च करून आली आहे की महिनाभर बुरुजावर उभी आहे. पहिल्या स्थितीत पोलादी रंग आणि धूळ, दुसऱ्या स्थितीत गंजाचा पातळ हात.

आऱ्यांच्या मागच्या बाजूला ब्रश पोचत नाही. चाकं गाड्याला चिकटवायच्या आधी काडीला टोचून रंगवा. हे वाचून सगळे मान हलवतात आणि तरी आधी चिकटवतात.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून रंग ओळखता येतो?

रंग नाही, आणि बहुतेकदा गडद-फिकंही नाही. यादवी युद्धातले फोटो ओल्या कलोडियन काचेवर काढलेले. ती काच मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाशच ओळखते. म्हणून निळं आकाश कोरं पांढरं येतं आणि पिवडीने भरलेला ऑलिव्ह गाडा जवळजवळ काळा. ते बघून कुणीतरी ठरवतं की गाडे फार गडद होते. पुढे ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली, तिला हिरवा दिसतो पण लाल दिसत नाही, म्हणून लाल वस्तू काळ्या होतात. एकाच फोटोत गाडा आणि त्यावरचा लोखंडी साज वेगळा दिसतो का, नळी चमकते का, चिखल कुठपर्यंत आहे, हे मात्र फोटो खात्रीने सांगतो. त्यासाठी जरूर पाहा.

संगणकावर नंतर रंग भरलेल्या फोटोंना पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. पहिल्या महायुद्धातल्या ऑटोक्रोम काचा वेगळ्या. १९०७ मध्ये बाजारात आलेली ती प्रक्रिया खरोखर रंगीत होती. तरी त्याही काळाने बदलल्या असू शकतात.

संग्रहालयातल्या तोफेवरून रंग उचलला तर?

धातू, माप, खिळ्यांची जागा, दोरी कुठून कुठे जाते, हे सगळं उचला. रंग नको. बाहेर मांडलेल्या तोफेला दर काही वर्षांनी कुणीतरी हाताशी असलेल्या डब्यातून चकचकीत रंग देतो. गाडाही पुष्कळदा नंतरचा असतो, कधी कधी सरळ ओतीव लोखंडाचा.

पहिल्या महायुद्धातल्या तोफा?

सुरुवातीला फ्रेंचांची १८९७ची ७५ मिलिमीटर तोफ फिक्या निळसर राखाडी रंगात, जर्मन तोफा फेल्डग्राऊ, म्हणजे हिरवट राखाडी. मग विमानं डोक्यावर आली आणि रंगाचं काम बदललं: आधी लाकूड वाचवायचं, आता तोफ लपवायची. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने कॅमफ्लाजची वेगळी तुकडीच उभारली, प्रमुख गिरां द सेव्होला नावाचे चित्रकार. त्यानंतर फ्रेंच तोफांवर हिरवा, तपकिरी, पिवडीचे मोठे अनियमित पट्टे दिसू लागतात.

रंगवायला सगळ्यात मजेशीर म्हणजे १९१८च्या उत्तरार्धातल्या जर्मन तोफा. त्या वर्षीच्या जुलैतल्या आदेशाने पिवडी, हिरवा आणि गंजासारखा तपकिरी असे कोनदार तुकडे, मध्ये बोटभर रुंद काळ्या रेघा. हेल्मेटवरही तेच. बोटभर म्हणजे माणसाचं बोट बरं का. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या मॉडेलवर, ती रेघ पाव मिलिमीटरच्या आसपास येते. ब्रशने नाही जमणार, बारीक टोकाचं काळं पेन घ्या आणि रेघ थोडी जाड झाली तर झाली. तोफ १९१६ची असेल तर हा नमुना कितीही मोहात पाडो, लावू नका.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन तोफ राखाडी की पिवळी?

तारीख सांगा, रंग सांगतो. जुलै १९४० ते फेब्रुवारी १९४३ गडद राखाडी, जर्मन रंगपद्धतीत आरएएल ७०२१. त्याआधी राखाडीवर गडद तपकिरीचे ढगाळ डाग. १८ फेब्रुवारी १९४३च्या आदेशापासून पाया गडद पिवळा, डुंकेलगेल्ब, त्यावर ऑलिव्ह हिरवा आणि लालसर तपकिरी हवा तसा. उत्तर आफ्रिकेसाठी १९४१ पासून वेगळे वाळवंटी रंग, पिवळट तपकिरी आणि हिरवट राखाडी.

कोणती डुंकेलगेल्ब बाटली ‘खरी’ यावर लोक हातघाईवर येतात. वरचे दोन रंग आघाडीवर घट्ट लेपाच्या रूपात पोचायचे आणि तोफेवरची माणसं ते पेट्रोलमध्ये नाहीतर पाण्यात पातळ करून मिळेल त्या साधनाने मारायची. पेट्रोलमधला चिकटून बसायचा, पाण्यातला पावसाने उतरायचा. एकाच बॅटरीतल्या चार तोफा चार तऱ्हेच्या दिसल्या तर ते चुकलेलं काम नाही. चारही हुबेहूब सारख्या दिसल्या तर मात्र मला शंका येते.

ब्रिटिश, अमेरिकी, रशियन?

अमेरिकी तोफा ऑलिव्ह ड्रॅब, चमक नसलेला. सोव्हिएत झिस-३ वगैरे तोफा ‘४बीओ’ नावाच्या हिरव्यात. ब्रिटिश २५ पौंडी थोडी डोकेदुखी आहे: युद्धाच्या सुरुवातीला खाकी हिरवा, मग तपकिरी, १९४४ पासून ऑलिव्ह ड्रॅब, वाळवंटात दगडी पिवळट छटा. तिघांच्याही बाबतीत एक लक्षात ठेवा: ब्रीचब्लॉक, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, आणि जे भाग एकमेकांवर सरकतात ते रंगवलेले नसतात, उघडं तेलकट पोलाद असतं. तेवढा एक चौकोन पोलादी केला की सपाट हिरवी तोफ एकदम यंत्र वाटू लागते.

आरएएल आणि एफएस आकडे म्हणजे काय? ते पाळायचे का?

आरएएल ही जर्मन रंगपद्धती, १९२७ मध्ये चाळीस रंगांपासून सुरू झालेली. एफएस म्हणजे अमेरिकी फेडरल स्टँडर्ड ५९५, १९५६चं. त्यातल्या पाच आकड्यांपैकी पहिला चमक सांगतो, १ म्हणजे चकचकीत, २ मध्यम, ३ मॅट. दुसऱ्या महायुद्धातल्या तोफेच्या पत्रिकेवर एफएस आकडा दिसला तर तो नंतर कुणीतरी जुळवलेला आहे हे समजून घ्या. आकडा म्हणजे कारखान्यातून निघालेल्या पहिल्या दिवसाचा रंग. दिशा म्हणून घ्या, पुढे ऊन-पाऊस तुम्ही घालायचा.

तोच रंग छोट्या मॉडेलवर जास्त गडद का दिसतो?

खरी तोफ आपण दुरून पाहतो, मध्ये हवा असते आणि ती रंग फिका करते. शिवाय छोट्या पृष्ठभागावर उजेड कमी पसरतो. म्हणून मॉडेल जितकं लहान तितका रंग उजळ करायचा. १/३५ ला किंचित, १/७२ ला डोळ्याला जाणवेल इतका, ६ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांसोबतच्या तोफेला जवळजवळ निर्लज्जपणे. टक्केवारीचे तक्ते मिळतात, मी ते सोडून दिले. रंगवलेला तुकडा हातभर लांब धरा आणि डोळे बारीक करा. खाचाखोचा दिसत नसतील तर गडद आहे.

अस्तर काळं, राखाडी की पांढरं?

काळा साज आणि ब्राँझची नळी असेल तर काळं. निम्मं काम तिथेच होतं. ऑस्ट्रियन पिवळ्यासाठी राखाडी नाहीतर फिकं तपकिरी, कारण पिवळा काळ्यावर झाकत नाही, चार हात देऊनही हिरवट डोकावतो. पांढरं मी तोफांना वापरत नाही.

चिखल, धूळ, काजळी किती?

काळी दारू नळीच्या तोंडाशी मळकट काळपट-राखाडी थर सोडते आणि बत्ती देतात त्या भोकाभोवतीही. कोरड्या ब्रशने तोंडाच्या कडेवर दोन-तीन झटके. धूळ चाकांच्या खालच्या तिसऱ्या भागावर आणि गाड्याच्या जमिनीवर टेकलेल्या शेपटीवर, पायथ्याच्या मातीचाच रंग घेऊन. तोफ तांबड्या मातीत उभी आणि चाकांना करडा चिखल, हे पाहिलं की सगळी मेहनत वाया गेल्यासारखी वाटते.

रात्री जमलेला रंग सकाळी वेगळाच का दिसतो?

दिवा. पिवळ्या बल्बखाली निळा आणि राखाडी फसवतात. ५००० ते ६५०० केल्व्हिनचा आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर असलेला दिवा घ्या. मिश्रण ठरवायचं असेल तर तेवढ्यापुरतं दिवसा खिडकीशी बसा.

मॅट वार्निशने सगळं पांढुरकं झालं. आता?

दमट हवेत फवारलंत, किंवा डबा नीट हलवला नाहीत. माझी एक अख्खी पॅरट बॅटरी पावसाळी दुपारी अशीच धुक्यात गेली होती. घाबरून खरवडू नका. पूर्ण वाळू द्या, मग कोरड्या दिवशी ब्रशने चकचकीत वार्निशचा पातळ हात द्या. बहुतेक वेळा खालचा रंग परत वर येतो. तो वाळला की पुन्हा मॅट, या वेळी तेही ब्रशने. नळीला मॅट मारूच नका, धातू मरतो. तिच्यावर सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीचं वार्निश.

बॅटरी रंगवून झाली आणि मग कळलं की छटा चुकली. पुन्हा रंगवू?

देश चुकला असेल तर हो. नळीचा धातू चुकला असेल तर फक्त नळी, दहा मिनिटांचं काम. नुसती छटा थोडी इकडेतिकडे असेल तर खूप पातळ रंगाचा एकच हात पूर्ण गाड्यावर फिरवून बघा: फार हिरवा झालेल्या फ्रेंच गाड्यावर पिवडीचा, फार निळ्या ब्रिटिश गाड्यावर फिक्या तपकिरीचा. माझ्या त्या सहा प्रशियन-ब्रिटिश तोफांना मी हेच केलं. पाच ताळ्यावर आल्या. सहावी कितीही केलं तरी निळीच राहिली, तिला आता प्रशियन गोलंदाज दिले आहेत.